एक मणी मागे

डर्बनमध्ये आज दोन ते साडेचार वीज नाही.
जनरेटर फक्त फ्रीझरपुरता,
बाकी सगळं ह्लोनिफिलेच्या कपाळावरच्या दिव्यावर.
ती थेंब सोडते आणि ओठ हलवत मोजते,
झुलूत: कुन्ये, कुबिली, कुथाथू,
आणि पुन्हा कुन्ये.
तीनच्या पुढं जात नाही. रायबोसोमही जात नाही.

तो आंधळा वाचक.
दोरीवरची तीन अक्षरं चाचपतो, त्यांचा एक अर्थ लावतो,
पुढं सरकतो.
मोकळी जागा नाही, स्वल्पविराम नाही,
सुरुवात कुठून केली
एवढंच त्याचं व्याकरण.

मग येते ती निसरडी जागा.
यू यू यू यू यू यू ए.
सहा वेळा तेच अक्षर, शेवाळलेल्या पायऱ्यांसारखं,
आणि तिथून चार पावलांवर
दोरी स्वतःवरच दुमडून बसलेली,
हेअरपिनसारखी, बुडाशी घट्ट.
वाचक ओढतो. दुमड उलगडत नाही.
पुन्हा ओढतो.
बहुतेक वेळा ती उलगडतेच,
पण शंभरात पाचेक वेळा पाय सटकतो,
तो एक अक्षर मागं येतो
आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं
तिथून तीन-तीन वाचत सुटतो.

मला हे माझ्या लिपीत लिहून बघावं लागलं.
हातमोज्यांच्या खोक्यावर नऊ अक्षरं मांडली, सलग:

कळवजनकमळभ

सरळ वाचलं तर: कळव, जनक, मळभ.
‘कळव’ संपताना पाय घसरला तर:
कळव, वजन, कमळ,
आणि शेवटी एकटा भ.
शाई तीच. एकाही अक्षराला हात लावलेला नाही.

ह्लोनिफिलेला एकेका शब्दाचा अर्थ सांगितला.
ती ‘जनक’पाशी थांबली.

“बाबा ट्रक चालवायचे, हॅरिस्मिथपर्यंत.
गोळ्या दवाखान्यात आल्या
त्याच्या आदल्या हिवाळ्यात गेले.
आईला मिळाल्या. छत्तीस किलो होती,
मग एकेचाळीस, मग अठ्ठेचाळीस.
तुझा वजन शब्द बरोबर आहे.
कमळाचं मला माहीत नाही.”

पंच्याण्णव वेळा नुसत्या भिंतीच्या विटा,
पाच वेळा विटेच्या शेपटाला जोडलेली हत्यारं:
कात्री, नक्कलनवीस, टाके घालणारा.
विषाणूचा संसार या हिशेबावर चालतो.
हत्यारं फार झाली तर घरच नीट उभं राहत नाही,
फार कमी झाली तर भिंती उभ्या, आत कोणी नाही.
आईची गोळी हत्यारं बोथट करते.
मुलगी त्या दुमडीच्या मागे लागली आहे.

चार वाजून एकतीस मिनिटांनी दिवे आले.
यंत्रानं आधी समुद्री जीवाचा उजेड मोजला,
तो प्रत्येक वाचनाला लागतो,
मग काजव्याचा,
जो फक्त पाय घसरला तरच लागतो.
दुमडीच्या बुडातली तीन अक्षरं तिनं बदलली होती.
काजवा मंदावला. सगळीकडे नाही.
एका खान्यात उलट वाढला.
“बुडबुडा असेल,” ती म्हणाली,
पण वहीत तो आकडा तिनं दोनदा लिहिला.

संध्याकाळी उमलाझीत तिची आई न्तोम्बिझिने
दारात बसून शेजारच्या नातीसाठी माळ ओवत होती:
दोन पांढरे, एक लाल, दोन पांढरे, एक लाल,
आणि मध्येच कुठेतरी
एक मणी दोनदा मोजला गेलेला,
तिथून पुढं आख्खी नक्षी तिरकी.
लक्षात आलं तेव्हा वीतभर ओवून झालं होतं.
उसवली नाही.

मुलीनं दिवसभराचं सांगितलं, दुमड, निसरडं, सगळं.
म्हातारीनं सुई थुंकीनं ओली केली.
“तो चुकतो,” तिनं विचारलं,
“की त्याला कोणी चुकवतं?”

ह्लोनिफिले काही बोलणार,
तेवढ्यात फोनवर आठचा गजर झाला
आणि आई पाणी आणायला आत गेली.